ड्रोनला जमिनीखालचं सोनं दिसतं का? मेटल डिटेक्टिंगमध्ये ड्रोनचा खरा उपयोग काय?

असे रील तुम्हीही पाहिले असतील. हिरव्यागार शेतावरून ड्रोन फिरतो, पिकात एक भलंमोठं वर्तुळ दिसतं. पुढच्याच दृश्यात हेडफोन लावलेला माणूस मेटल डिटेक्टर फिरवतोय, 'टूं टूं' आवाज येतो आणि मातीतून जुनं नाणं बाहेर. खाली कमेंट ठरलेली: 'हा ड्रोन कितीला मिळतो?'

तर आधी सरळ उत्तर: कॅमेऱ्याच्या ड्रोनला जमिनीखालचं सोनं, चांदी, तांबं काहीही दिसत नाही. मग लोक तो वापरतात कशासाठी? तर धातू शोधायला नाही, जागा शोधायला.

वरून नेमकं दिसतं काय?

समजा, दोन हजार वर्षांपूर्वी एका वस्तीभोवती खंदक होता. कालांतराने तो मातीने भरला, वर शेती सुरू झाली. जमिनीवरून चालताना काहीच कळत नाही. पण भरलेल्या खंदकातली माती खोल आणि भुसभुशीत असते, तिच्यात ओल जास्त टिकते. पाऊस ओढ देतो तेव्हा त्या पट्ट्यातलं पीक जास्त उंच आणि जास्त दिवस हिरवं राहतं. खाली दगडी भिंतीचा पाया असेल तर उलट होतं. मुळांना जागा मिळत नाही, पीक खुरटतं आणि लवकर पिवळं पडतं. वरून पाहिलं की शेतात जुन्या वस्तीचा नकाशाच उमटलेला दिसतो.

गहू आणि बार्लीच्या शेतात या खुणा विशेष स्पष्ट दिसतात. याशिवाय आणखी दोन प्रकार आहेत:

- सावलीच्या खुणा: सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य खाली असताना वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते.
- मातीच्या खुणा: नांगरणीनंतर मातीच्या रंगातला फरक उघडा पडतो.

ही युक्ती जुनीच आहे. १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये विमानातून काढलेल्या फोटोंमुळे स्टोनहेंजजवळचं 'वुडहेंज' उजेडात आलं. फरक एवढाच की जे काम तेव्हा विमानाचं होतं, ते आता पाठीवरच्या बॅगेत मावतं.

आयर्लंडचं 'ड्रोनहेंज'

२०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये कडक दुष्काळ होता. त्या वर्षी जुलैमध्ये अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांनी न्यूग्रेंज या पाच हजार वर्षं जुन्या दफनस्थळाजवळ ड्रोन उडवले. एका शेतात त्यांना सुमारे १५० मीटर व्यासाचं, तुटक रेघांचं वर्तुळ दिसलं. ते प्राचीन विधिस्थळ असावं, असं पुरातत्त्वज्ञांनी सांगितलं. लोकांनी त्याला 'ड्रोनहेंज' नाव दिलं.

पण इथे रीलसारखं 'पुढचं दृश्य' नव्हतं. आयर्लंडमध्ये प्राचीन वस्तू शोधण्यासाठी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. शोध लागला तो फोटोतून, एक ढेकूळही न हलवता.

इंग्लंडमधले छंदी लोक ड्रोन कसा वापरतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र जमीनमालकाच्या परवानगीने मेटल डिटेक्टिंग करता येतं. तिथली साधारण पद्धत अशी:

१. आधी जुने नकाशे आणि सरकारने मोफत उपलब्ध केलेली लायडार चित्रं पाहायची. लायडारमध्ये विमानातून लेझर सोडून जमिनीचे चढउतार मोजतात.

२. मग शेतमालकाला विचारून ड्रोन उडवायचा. एकमेकांवर येणारे भरपूर फोटो काढून संगणकावर ते जोडले की शेताचा एकसलग नकाशा तयार होतो.

३. संशयास्पद जागांचे जीपीएस बिंदू नोंदवायचे आणि मगच डिटेक्टर घेऊन आखीव पट्ट्यांत चालायचं.

अनुभवी मंडळी थेट वर्तुळाच्या मध्यभागी जात नाहीत. जुनी पायवाट, नदीचा उतार, बाजाराची जागा त्यांना जास्त महत्त्वाची वाटते. माणसांची ये-जा जिथे होती, तिथेच खिशातून नाणी पडली.

कुठे फसगत होते?

प्रत्येक वर्तुळ प्राचीन नसतं. जमिनीखालचे पाइप, ट्रॅक्टरच्या वाटा, खताचे कमीजास्त पट्टे, गुरांना गोल चारापात्रातून चारा घातलेल्या जागा, बुरशीमुळे गवतात उमटणारी वर्तुळं, सगळं वरून सारखंच भासतं. शिवाय साधा डिटेक्टर लहान नाणं जेमतेम वीतभर खोलीपर्यंतच ओळखतो. ड्रोनला मॅग्नेटोमीटर लावतात हे खरं, पण तो प्रामुख्याने लोखंडासारख्या चुंबकीय गोष्टी टिपतो. सोन्याचांदीची नाणी त्यात कळत नाहीत.

सापडलं, तर पुढे काय?

खरा प्रश्न हाच आहे. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना डिटेक्टरमुळे रोमन नाण्यांनी भरलेला रांजण लागला. त्यांनी खणणं थांबवलं आणि तज्ज्ञांना बोलावलं. रांजणात ५२,५०३ नाणी निघाली. ती थराथराने काढल्यामुळे एक गोष्ट लक्षात आली: सर्वांत नवीन नाणी वर नव्हती, ती बहुतेक अर्ध्याच्या खाली होती. म्हणजे हा वर्षानुवर्षं साठवलेला गल्ला नसावा, रांजण एकाच वेळी भरला असावा. नाणी घाईने उपसली असती तर हे कधीच कळलं नसतं. संग्रहालयाने हा साठा ३,२०,२५० पौंडांना घेतला आणि ही रक्कम क्रिस्प व जमीनमालकांत वाटली गेली.

याउलट २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी सापडलेला व्हायकिंगकालीन साठा लपवला. २०१९ मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. सुमारे ३०० नाण्यांचा तो साठा असावा, असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक बेपत्ता झाली.

आपल्याकडचं उदाहरण दायमाबादचं. अहिल्यानगर जिल्ह्यात १९७४ मध्ये झाडाचं खोड खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. अप्रतिम शिल्पं, पण ती शास्त्रीय उत्खननात विशिष्ट थरात सापडली नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद राहिला. वस्तू हाती येते, पण आजूबाजूची माती विस्कटली की तिची गोष्ट हरवते.

भारतात हे करता येईल का?

मार्च २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात मुघलांची नाणी पुरल्याची अफवा पसरली. लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणू लागले. असं करण्याआधी हे नियम माहीत हवेत:

- १८७८ चा निखात निधी कायदा: जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या शेतातही हा नियम लागू आहे.
- १९५८ चा स्मारक कायदा: संरक्षित स्थळी परवान्याशिवाय खणता येत नाही.
- ड्रोन नियम २०२१: उडवण्याआधी 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर हिरवा, पिवळा की लाल झोन आहे ते पाहावं लागतं. संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरणासाठी वेगळी परवानगी लागते.

मग ड्रोनवाल्याने काहीच करू नये का? करावं की. आपल्या गावाजवळ 'पांढरीचं टेकाड' असेल, नियम पाळून काढलेल्या फोटोत सरळ रेघा किंवा चौकोन दिसत असतील, तर तारीख, वेळ आणि जीपीएससह फोटो जपून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. फक्त नेमकं ठिकाण लगेच रीलमध्ये टाकू नका. तुमच्या रीलनंतर तिथे पहिल्यांदा कोण पोहोचेल आणि त्याच्या हातात काय असेल, हे तुम्हाला ठरवता येणार नाही.