शिलाई मशीनचं टेन्शन बिघडलंय? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

वरून टीप एकदम सरळ दिसते, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याची जाळी! नगावर मजुरी असेल तर हा त्रास थेट खिशाला लागतो, कारण उसवून पुन्हा शिवलेल्या नगाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. अशा वेळी हात आधी टेन्शनच्या बटणाकडे जातो आणि तिथेच घोळ वाढतो. मग नेमकं काय करायचं? चला, क्रमाने पाहूया.

टेन्शन म्हणजे काय?

कारखान्यातलं एका सुईचं मशीन, ज्याला बरेच जण सरसकट ‘जुकी’ म्हणतात, दोन दोऱ्यांनी टाका घालतं. हुक सुईच्या दोऱ्याचा फास पकडून तो बॉबिनभोवती फिरवतो. दोन्ही दोऱ्यांची ओढ जुळली की त्यांचा अडकाव कापडाच्या जाडीत मधोमध बसतो. एकाची ओढ जास्त झाली की तो त्या बाजूला सरकतो. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जाळी खाली दिसली, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो.

लक्षणं ओळखा

• खाली फास किंवा जाळी: वरचा दोरा ढिला आहे किंवा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही.
• वर बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके: वरचा दोरा जास्त घट्ट आहे किंवा खालचा ढिला आहे.
• पातळ कापडाला चुण्या: बऱ्याचदा दोन्ही दोरे जास्त घट्ट असतात.
• फक्त सुरुवातीला गुंता: शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरा.

दुरुस्तीचा क्रम

आधी मशीन बंद करा. क्लच मोटर बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबेपर्यंत सुईजवळ हात नेऊ नका.

१. दोरा पुन्हा ओवा. ओवताना प्रेशर फूट वर हवा. फूट वर असतानाच चकत्या उघडतात आणि दोरा आत बसतो. फूट खाली ठेवून ओवलं, तर दोरा चकत्यांवरून नुसता घसरतो.

२. सुई पाहा. टोक वाकलं किंवा बोथट झालं असेल तर बदला. या मशीनमध्ये नेहमी लागणाऱ्या डीबी×१ सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, त्यामुळे ती तिरकी बसू शकते. लांब खाच डावीकडे हवी आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा.

३. बॉबिन केस साफ करा. स्प्रिंगच्या पट्टीखाली कापसाचा एक कण अडकला तरी ओढ बदलते. जाड कागदाचा कोपरा आत फिरवून तो काढा. मग भरलेली केस दोऱ्याने लटकवा. हलका झटका दिल्यावर ती थोडी सरकून थांबली, तर तिचा स्क्रू सोडून द्या. सरळ घसरली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. तेव्हाच पट्टीवरचा मोठा स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, फिरवा.

४. शेवटी वरचं बटण. आता फूट खाली हवा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की घट्ट, उलट फिरवलं की ढिलं. एका वेळी थोडंच फिरवा आणि प्रत्येक बदलानंतर टीप मारून बघा.

चाचणी कशी घ्यायची?

वर आणि खाली वेगळ्या रंगाचे दोरे लावा आणि ज्यावर काम करायचंय त्याच कापडाच्या दोन थरांवर तिरकी टीप मारा. मग ती जोरात ताणा. ज्या रंगाचा दोरा आधी तुटला, तो जास्त घट्ट. दोन्ही एकदम तुटले, तर ओढ जुळली.

फोन कामाला लावा

काहीही फिरवण्याआधी बटणाचा आणि बॉबिन केसच्या स्क्रूचा फोटो काढा, म्हणजे चुकलात तरी मूळ जागेवर परतता येईल. टिपेचाही दोन्ही बाजूंनी झूम करून फोटो घ्या. जीन्सचं काम संपवून शर्टाचं कापड घेतलं की सेटिंग पुन्हा बदलावं लागतं. त्यामुळे कापड, दोरा आणि सुईचा नंबर लिहून हे फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

थोडक्यात: आधी दोरा, मग सुई, मग बॉबिन, आणि बटण सगळ्यात शेवटी.