लाकडी अक्षराचा कोपरा

न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने 1827 मध्ये छपाईचे लाकडी खिळे कोरायला राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र, लावला आणि 1828 मध्ये अशा खिळ्यांचा नमुनासंग्रह काढला. त्याआधी जाहिरातींची मोठी अक्षरे लाकडावर आखून सुरीने एकेक कोरावी लागत. शिशाची ओतली तर ती जड होत आणि थंड होताना त्यांचा पृष्ठभाग सपाट राहत नसे. 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थने राऊटरला पँटोग्राफ, म्हणजे आकृती लहानमोठी करून गिरवणारी दांड्यांची चौकट, जोडला. मग एकाच नमुन्यावरून लहानमोठ्या आकारांची अक्षरे निघू लागली.

वेग आला, पण कोपरा गेला. गरगर फिरणारे पाते आतल्या कोपऱ्यात स्वतःच्या त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण जाऊच शकत नाही. 3 मिमी व्यासाचे पाते (बिट) तिथे 1.5 मिमी त्रिज्येची गोलाई सोडते. छपाईच्या खिळ्यावर अक्षर उठावाचे असते. त्यामुळे त्याचे बाहेरचे कोपरे आपोआप धारदार येत आणि रेषा जिथे एकमेकींना मिळतात त्या बेचक्या बुजत. त्या बारीक सुरीने हाताने साफ कराव्या लागत. म्हणजे यंत्राने कोरलेले म्हणून विकले जाणारे अक्षर शेवटी हातानेच पुरे होई.

हाताचे हे काम टाळायचे प्रयत्न झालेच. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्सच्या जे. ई. हॅमिल्टनने 1880 मध्ये हॉली या झाडाच्या पातळ फळीतून अक्षरे बारीक करवतीने कापून स्वस्त लाकडावर चिकटवली. पातळ करवतीला कोपऱ्यात वळता येते. विल्यम पेजच्या लाकडी खिळ्यांच्या कारखान्याने त्याच दशकात धातूचा ठसा लाकडात दाबून अक्षराभोवतीचा भाग खाली बसवला. ठशाचा कोपरा तीक्ष्ण असेल, तर खिळ्याचाही तसाच येई.

पाटीवर खोदलेल्या अक्षरात मात्र सगळे उलटते. सरळ बिटाने खोदलेल्या देवनागरी पाटीत काना शिरोरेषेला मिळतो तो कोपरा नीट उतरतो; शिरोरेषेची टोके आणि कान्याचे बूड गोलावतात. यावरचा उपाय राऊटरपेक्षा कितीतरी जुना आहे. रोममधल्या ट्रेजनस्तंभाच्या पायथ्याचा इ. स. 113 चा लेख छिन्नीने व्ही-छेदात कोरलेला आहे. दोन्ही उतार तळाशी एका रेषेत मिळतात आणि टोकाला ती रेषा वर चढून पृष्ठभागाला भिडते.

छिन्नीची हीच चाल राऊटरला जमण्यासाठी पाते आडवे सरकतानाच वरखालीही झाले पाहिजे. एमआयटीने 1952 मध्ये आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले, त्यात तिन्ही अक्षांची हालचाल एकत्र चालत होती. पात्याला वाटही ठरवून द्यावी लागते. आकृतीच्या मधोमध जाणारी, प्रत्येक ठिकाणी दोन्ही कडांपासून समान अंतरावरची रेषा हॅरी ब्लमने 1967 च्या लेखात मांडली. व्ही-बिटाचा, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार पात्याचा, मार्ग हाच. रेघ 12 मिमी रुंद असेल, तर 90 अंशांचे बिट 6 मिमी आणि 60 अंशांचे सुमारे 10.4 मिमी खोल जाते. कोपरा जवळ आला की रुंदी घटते, तसे बिट वर उचलले जाते आणि त्याचे टोक नेमके कोपऱ्यात लाकडाबाहेर येते.

यात शून्य उंची, म्हणजे बिटाचे टोक लाकडाच्या पृष्ठभागाला टेकते ती पातळी, अचूक लागते. 90 अंशांच्या बिटाला 0.2 मिमी चूक झाली, तर रेघ 0.4 मिमीने जाड किंवा बारीक होते. फार रुंद अक्षरे इतकी खोल नेणे परवडत नाही. तिथे आधी सपाट बिटाने तळ मोकळा करतात आणि व्ही-बिट फक्त कडा व कोपऱ्यांपुरते फिरवतात.