हॉटेलातील खोली आणि शहरातील लहान घर : एका अनुकरणाचा इतिहास

‘हे घर आहे की हॉटेल?’ हा प्रश्न मराठीत कौतुकाने कोणी विचारीत नाही. वेळी-अवेळी येऊन ताट मांडण्याची अपेक्षा करणाऱ्या मुलाला आई तो विचारते, आणि त्यात घराची घडी मोडल्याची तक्रार असते. इंग्रजीतून मराठीत येताना ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थही पालटला. मुक्कामाच्या जागेपेक्षा चहा-फराळाच्या जागेलाच तो अधिक चिकटला. मुक्कामासाठी ‘धर्मशाळा’ होती, पुढे ‘लॉज’ आला. असे असता, चार-पाचशे चौरस फुटांच्या सदनिकेला उंची हॉटेलाचे रूप देण्याची इच्छा आज मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात सर्रास आढळते. ज्या शब्दाने घराची निंदा होत असे, त्याच शब्दाने घराची प्रशंसा होऊ लागावी, हा अर्थपालट विचार करण्याजोगा आहे. त्याचे मूळ शोधताना हॉटेलातील खोलीचाच इतिहास प्रथम पाहावा लागतो.

फ्रेंच ‘ओतेल’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील ‘होस्पिताले’ या शब्दापासून आला. इस्पितळाचा वाचक शब्दही त्याच मुळाचा. फ्रेंच भाषेत ‘ओतेल’ म्हणजे दीर्घकाळ सरदार-उमरावांचा शहरातील वाडा. १८९८ साली पॅरिसमधील प्लास वांदोम येथे सेझार रित्झ याने आपले हॉटेल उघडले, तेही अठराव्या शतकातील अशाच वाड्यांच्या दर्शनी भिंतींमागे. हॉटेलाने वाड्याची नक्कल केली आणि आता सदनिका हॉटेलाची नक्कल करीत आहे. या मालिकेत इस्पितळाचे नाते केवळ व्युत्पत्तीपुरते उरत नाही, हे रित्झच्या खोल्यांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

रित्झ हा स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाचा कारभार पाहून तो पॅरिसला आला होता. त्या काळची श्रीमंत युरोपीय घरे मखमली पडदे, गडद भिंतकागद, गालिचे व कोरीव लाकडी सामान यांनी गच्च भरलेली असत. १८८२ साली रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवून दिल्यावर या सामानातील धुळीकडे लोक संशयाने पाहू लागले. रित्झने हा संशय ओळखला. त्याने व त्याचा वास्तुशिल्पी शार्ल मेवेस याने भिंतींना कागदाऐवजी धुता येईल असा रंग दिला, लाकडी पलंगांऐवजी पितळी पलंग ठेवले, जड कापड टाळले आणि शयनगृहांना स्वतंत्र स्नानगृहे जोडली. दिव्यांच्या छत्र्यांसाठी त्याने आपल्या पत्नीला निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात बसवून पाहिले व जर्दाळूकडे झुकणारी गुलाबी छटा पसंत केली. आज ज्या मोकळ्या भिंती, फिकट रंग व मंद प्रकाश यांना ‘लक्झरी’ असे नाव मिळाले आहे, त्यांतील निम्मा भाग रोगाच्या भयातून आला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे दिव्याची छटा, मात्र निव्वळ रसिकतेचा. आणि लहान घराला तोच सर्वांत स्वस्तात मिळण्याजोगा आहे.

रित्झने हे सुख धनिकांसाठी निर्माण केले. ते लहान खोलीत बसविण्याचे श्रेय एल्सवर्थ स्टॅटलर या अमेरिकन हॉटेलवाल्याकडे जाते. १९०८ साली बफेलो येथे त्याने उघडलेल्या हॉटेलाची जाहिरातच दीड डॉलरमध्ये खोली व स्नानगृह अशी होती. पाठीला पाठ लावून दोन स्नानगृहे बांधावयाची व दोहोंचे नळ भिंतीतील एकाच उभ्या पोकळीतून न्यावयाचे, ही त्याची युक्ती. तिच्यामुळे प्रत्येक खोलीला स्नानगृह देणे परवडू लागले. दाराशेजारी दिव्याचे बटण, अंगभर दिसणारा आरसा, यांसारख्या सोयीही त्या हॉटेलात होत्या. घरसजावटीच्या पुस्तकांत रित्झचे नाव येते, स्टॅटलरचे सहसा येत नाही. वस्तुतः सामान्य सदनिकेचे ऋण स्टॅटलरकडे अधिक आहे.

मुंबईत याच सुमारास, १९०३ च्या डिसेंबरात, ताजमहाल हॉटेल उघडले. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी अभियंत्याचा मोठा वाटा होता. तेथे विजेचे दिवे व उद्वाहक होते, तुर्की पद्धतीची स्नानगृहे होती. परंतु गिरगावातील चाळकऱ्याच्या खोलीपर्यंत त्यातील काहीच पोहोचले नाही. खोलीत मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामायिक शौचकूप, ही चाळीची व्यवस्था. हा आराखडा पालटण्यास कारण झाले ते पुन्हा रोगच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, आणि तेथे पुढील दशकांत ‘सेल्फ-कंटेन्ड’ सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. वाड्यात परसात, शक्य तितक्या दूर ठेवलेला संडास आता स्वयंपाकघरापासून काही पावलांवर आला. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या कुटुंबांनी हे कसे पत्करले, हा सामाजिक इतिहासाचा मोठा विषय आहे; निखिल राव यांनी २०१३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याची मांडणी केली आहे. येथे एवढेच पुरे, की नळ व मैलावाहिनी आल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते.

पुण्याचे अभियंता आर. एस. देशपांडे यांनी १९३५ साली मध्यमवर्गीयांसाठी घरबांधणीचे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातील विशेषणे ‘स्वस्त’ व ‘आरोग्यदायी’ ही होती. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुशिल्पींच्या संस्थेने भरविलेले ‘आयडियल होम’ प्रदर्शन पाहावयास सुमारे लाखभर लोक आले. तेथे विशेषण ‘आदर्श’ झाले. ‘लक्झरी’ हे विशेषण लहान सदनिकेस पुष्कळ पुढे लागले. विशेषणांचा हा क्रम बांधकामाच्या इतिहासास धरूनच आहे. ‘अटॅच्ड’ हा शब्दही असाच. लॉजच्या पाटीवर तो दिसतो आणि सदनिकेच्या जाहिरातीतही दिसतो, आणि दोन्हीकडे विशेष्याची गरज न ठेवता एकटाच पुरतो.

याच काळात मराठी घराचे काही शब्द मागे पडले. ओटी, पडवी, माजघर, कोठीची खोली, फडताळ, कोनाडा यांपैकी बहुतेक साठवणीचे वा राबत्याचे शब्द आहेत. हॉटेलच्या खोलीस माजघर नसते, कारण संपूर्ण हॉटेलाचे माजघर तिच्या भिंतीपलीकडे असते : चादरींची कोठी, मुदपाकखाना, धोबीखाना, नोकरांचा जिना. खोलीचा मोकळेपणा त्या पसाऱ्याच्या जोरावर टिकतो. सदनिकेस मागला जिना नाही. म्हणून हॉटेलाची रिकामी भिंत उचलली, की डाळ-तांदळाचे डबे, पाहुण्यांची अंथरुणे व दिवाळीच्या पणत्या कोठे ठेवावयाच्या, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे प्रचलित उत्तर म्हणजे पेटीचा पलंग. त्यास ‘दिवाण’ म्हणतात, हे गमतीचे आहे. फारसीतील दफ्तर व दरबार यांचा वाचक शब्द दिवाणखान्यात आला, तेथून बैठकीच्या आसनावर आणि आता गोधड्यांच्या पेटीवर येऊन बसला.

पांढऱ्या चादरीची हकिगत निराळी आहे. लोड-तक्क्यांच्या बैठकीवर पांढरा अभ्रा मराठी घरास परका नव्हता. तथापि हॉटेलच्या पलंगावर रंगीत, नक्षीदार पलंगपोस दीर्घकाळ चालत असे; आपादमस्तक पांढऱ्या पलंगाची लाट वेस्टिन या अमेरिकन हॉटेलसमूहाने १९९९ साली आणलेल्या पलंगापासून पसरली, आणि तो पलंग पाहुण्यांस घरासाठी विकतही मिळू लागला. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून तो स्वच्छतेची ग्वाही ठरतो. परंतु ती ग्वाही रोज कोणीतरी धुऊन द्यावी लागते. हॉटेलात पाहुणा बाहेर पडल्यावर खोली आवरली जाते. आवरणारी व्यक्ती दिसू नये, हाच त्या सुखाचा गाभा. दोन खोल्यांच्या घरात ती व्यक्ती त्याच खोलीत वावरते : बहुधा गृहिणी, वा सकाळी तासभर येणारी घरकामाची बाई. सजावटीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दिव्यांच्या छत्र्यांचा हिशेब ठेवला, तसा या तासाचा ठेवलेला नाही. पलंगाशेजारचा पिवळसर दिवा, खिडकीसमोरचा आरसा, दाराजवळचे बटण यांचा भार कोणावर पडत नाही; पांढरी चादर व रिकामे मेज यांचा रोज पडतो.

एक गोष्ट मात्र या अनुकरणातून सुटली आहे. हॉटेलच्या आराखड्यात देवाला जागा नाही. सदनिकेत देव प्रथम स्वयंपाकघरातील फळीवर गेले, काही घरांत कपाटात. आता सजविलेल्या घरांच्या आराखड्यांत त्यांच्यासाठी पुन्हा एक कोपरा आखला जाऊ लागला आहे, आणि ‘मास्टर बेडरूम’, ‘लिव्हिंग’ व ‘बाल्कनी’ यांच्या रांगेत तेवढ्या कोपऱ्यावर ‘देवघर’ असे मराठीत लिहिलेले आढळते.