आग्रा रोडवरचा काटा

इंदूरहून धुळ्याकडे निघालं की सेंधव्यानंतर बिजासनचा घाट लागतो. सेंधव्याचा होळकरी किल्ला याच वाटेवर नजर ठेवायला होता. 1818च्या मंदसौर तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांच्या हातून गेला आणि सरहद्द डोंगरात येऊन थांबली. आजची मध्य प्रदेश-महाराष्ट्र हद्दही साधारण तिथेच आहे. बैलगाडी-तांड्यांच्या काळात नाक्यावर मालाची जकात चुकवायची असे. ट्रक आले आणि प्रश्न वजनाचा झाला.

ट्रकच्या दारावर यू.एल.डब्ल्यू. आणि आर.एल.डब्ल्यू. असे दोन आकडे रंगवलेले असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट कमाल वजन. पण रस्त्याला एकूण वजनापेक्षा एकेका अ‍ॅक्सलवरचा भार जास्त जाचतो. 1958-60 साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवले गेले. त्यातून दिसलं की अ‍ॅक्सलचा भार दुप्पट झाला तर झीज साधारण सोळापट होते.

आपल्याकडे 1988च्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा ठरवण्याचं काम केंद्राकडे आणि नाक्यावरची अंमलबजावणी राज्यांकडे आली. 1996च्या अधिसूचनेत पुढच्या दोन टायरांच्या अ‍ॅक्सलला 6 टन आणि मागच्या चार टायरांच्या अ‍ॅक्सलला 10.2 टन, म्हणजे दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 16.2 टन. कलम 114 म्हणतं, संशय आला तर गाडी काट्यावर न्या आणि जादा माल उतरवून घ्या. काटा म्हणजे आपल्या इकडचा धर्मकाटा. नाव मोठं गमतीचं आहे.

माल उतरवायचा, ही खरी मेख. घाटाच्या तोंडाशी पाच टन गहू उतरवून ठेवायचा कुठे, राखायचा कोणी? दंड भरून त्याच वजनानिशी पुढे निघणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. काही राज्यांनी तर ठरावीक रक्कम घेऊन ओव्हरलोडचे पासच दिले. कायदा मोडण्याची ती सरळ मासिक वर्गणी होती, असं मला वाटतं. परमजीत भसीन खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ही रीत बेकायदा ठरवली: दंड भरल्याने जादा वजन पुढे नेण्याचा परवाना मिळत नाही.

2018 मध्ये केंद्राने मर्यादाच वाढवली. 10.2चे 11.5 टन झाले, दोन अ‍ॅक्सलचा ट्रक 18.5 टनांवर गेला. कालच्या ओव्हरलोडचा काही भाग आज कायदेशीर झाला. इलिनॉयचा हिशेब लावला तर त्या मागच्या अ‍ॅक्सलखालची झीज सुमारे दीडपटीहून जास्त वाढते. रस्ता मात्र जुनाच! वर 2019च्या दुरुस्तीने दंड 2 हजारांवरून 20 हजार झाला, शिवाय जादा टनामागे 2 हजार. कलमात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही येतात, पण नाक्यावर सापडतो तो ड्रायव्हर. भरलेली गाडी घेऊन, ब्रेक तापवत बिजासन उतरायचं तेही त्यालाच.

1 जुलै 2024पासून मध्य प्रदेशाने परिवहन नाके बंद केले. तपासणी फिरत्या पथकांकडे गेली.