ड्युअल पर्पज बाईक म्हणजे काय? फक्त १९ पीएसच्या गाडीचं एवढं वेड का?

नवा फोन घेताना आपण काय करतो? दोन मॉडेल शेजारी शेजारी उघडतो आणि आकडे जुळवत बसतो. मेगापिक्सेल, रॅम, बॅटरीचे एमएएच. बाईक घेतानाही हीच सवय कामाला लागते. सीसी किती, पीएस किती, टॉप स्पीड किती?

या हिशेबाने हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ही गाडी सरळ नापास होते. १९९.६ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन, साधारण १९ पीएस ताकद आणि हायवेवर शंभरच्या पुढे लागणारी धाप. जवळपास तेवढ्याच पैशांत हिच्यापेक्षा जोरात पळणाऱ्या बाईक शोरूममध्ये उभ्या असतात. तरीही हिच्यावर जीव टाकणारे लोक भेटतात आणि त्यांना विचारलं की "एकदा चालवून बघ" एवढंच म्हणतात. हे उत्तर काही उपयोगाचं नाही. म्हणून इथे नीट समजून घेऊ, की अशा गाडीत पैसे नेमके कशावर खर्च झालेले असतात.

ड्युअल पर्पज म्हणजे नक्की काय?

दोन कामं करणारी गाडी. नंबरप्लेट, हेडलाईट, इंडिकेटर सगळं आहे, म्हणजे ऑफिसला किंवा कॉलेजला नेता येते. आणि डांबर संपलं की मुरूम, खडी, चिखल, ओढा यातूनही जाते. हिलाच ड्युअल स्पोर्ट असंही म्हणतात.

असा प्रकार जगभर लोकप्रिय करण्याचं मोठं श्रेय यामाहाच्या डीटी-१ ला जातं. १९६८ ची ही २५० सीसी टू-स्ट्रोक गाडी. त्याआधी कच्च्या रस्त्यावर जायचं तर लोक रोडच्याच जड बाईकना उंच सायलेन्सर आणि जाड टायर लावून काम भागवायचे. डीटी-१ हलकी होती आणि मुळातच त्या कामासाठी बनवलेली होती.

पुढे ब्राझीलमध्ये होंडा ब्रॉस ही रोजच्या वापरातली गाडी झाली, कारण तिथल्या ग्रामीण भागात कच्चे रस्ते भरपूर. न्यूझीलंडमध्ये यामाहाच्या एजी मालिकेतल्या गाड्या शेतावर राबतात. म्हणजे ही मूळची कष्टकरी गाडी आहे. डोंगरावरच्या रीलमध्ये ती नंतर आली.

भारतात २०११ मध्ये हिरोने त्याच ब्रॉसवर आधारलेली इम्पल्स ही १५० सीसीची गाडी आणली. ती फारशी खपली नाही आणि हळूच बंद झाली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये एक्सपल्स. तेव्हापासून कमी बजेटच्या माणसालाही हा प्रकार हाताशी आला.

जे आकडे बघायचे, ते हे

आधी पुढचं चाक बघा. टायरवर ९०/९०-२१ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचात. गणित केलं तर टायरसकट चाकाचा व्यास जवळपास ६९ सेंटिमीटर भरतो. साध्या रोड बाईकचं १०० रुंदीचं, १७ इंची चाक साधारण ५९ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण मोठं चाक दगडावर जास्त सपाट कोनातून चढतं आणि छोट्या खड्ड्यात कमी खोल उतरतं. बैलगाडीची चाकं एवढी मोठी का असायची, याचं एक कारण हेच.

मग सस्पेन्शन. इथे पुढचा प्रवास १९० मिमी आणि मागचा १७० मिमी. प्रवास म्हणजे चाक वरखाली किती हलू शकतं ते अंतर. शहरी कम्युटरमध्ये पुढचा आकडा सहसा १२०-१३० च्या घरात असतो. जास्त प्रवास असला की खड्ड्याचा धक्का सस्पेन्शन पोटात घेतं, तुमच्या पाठीपर्यंत पोचू देत नाही.

ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. स्प्लेंडरचा १६५ मिमी. आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावातला दूधवाला स्प्लेंडरवर कॅन बांधून तोच दगडांचा रस्ता रोज करतो. अगदी खरं आहे, आणि त्याच्यापुढे आपण कोणीच नाही! पण त्याला त्या रस्त्यावरचा एकेक दगड पाठ आहे. आपण पहिल्यांदाच जात असतो, चुकीच्या जागी चाक जातं, आणि तेव्हा गाडीने सांभाळून घ्यावं लागतं. ड्युअल पर्पज बाईक म्हणजे ही चूक सांभाळून घेण्याची सोय.

स्पोक व्हीलही याचसाठी. जोराचा धक्का बसला तर अलॉय व्हीलला तडा जाऊ शकतो. स्पोकचं चाक थोडं लवचिक असतं, वाकलं तरी बऱ्याचदा स्पोक ताणून सरळ करता येतं.

कमी ताकद हा फायदा कसा?

खडीवर टायरला पकड कमी असते. तिथे ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी आडवी होते. ४० पीएसच्या गाडीवर ही ताकद सांभाळायला मनगट तयार असावं लागतं, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सची मदत लागते. १९ पीएसच्या गाडीवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तुम्ही बिनधास्त शिकू शकता. आणि गंमत म्हणजे गाडीची सगळी ताकद वापरता येते. मोठी बाईक बहुतेक वेळ अर्ध्या झोपेत चालवावी लागते.

शिवाय ती जास्तीची ताकद वापरणार कुठे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकीला मुळात बंदी आहे. घाटात, तालुक्याच्या रस्त्यावर, गावातल्या स्पीडब्रेकरवर आपण ४०-६० नेच जात असतो. त्या वेगाला ही गाडी सगळ्यात खूश असते.

एबीएसचंही असंच आहे. या गाडीला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि रोड रायडर याला कंजूषपणा समजतात. पण सुट्या खडीच्या उतारावर मागचं चाक लॉक झालं तर ते खडीत रुतून गाडी थांबवायला मदत करतं. एबीएस तिथे ब्रेक सारखा सोडत राहतो आणि थांबायचं अंतर वाढतं. म्हणूनच २०२३ च्या मॉडेलमध्ये रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन एबीएस मोड आले. डांबरावर परत आलात की रोड मोड लावायला विसरू नका.

गाडी पडणार आहे, हे धरून चाला

माझ्या मते हलक्या गाडीची खरी किंमत इथे कळते. एक्सपल्स भरते १६० किलोच्या आत. हिमालयन ४५० भरते १९६ किलो. मधला फरक जवळपास सिमेंटच्या पाऊण पोत्याएवढा. सपाट डांबरावर तो जाणवतही नाही. पण चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करताना तुम्ही घरी परतणार की कोणी येईपर्यंत बसून राहणार, हे त्या पाऊण पोत्यावर ठरू शकतं.

उचलायची एक रीत आहे. आधी इंजिन बंद करा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. उजव्या बाजूला पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उभी करताना पलीकडे कोसळणार नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. कंबरेतून वाकून, गाडीकडे तोंड करून उचलायला गेलात तर पाठ धरलीच समजा.

मग मजा नेमकी कशात?

नकाशावर बारीक रेषा दिसते, पुढे रस्ता चांगला आहे की नाही माहीत नसतं. साध्या बाईकवर आपण तिथून परत फिरतो. या गाडीवर "बघू तरी" म्हणून पुढे जातो. एवढाच फरक आहे, पण रविवारच्या रविवार तो मोठा होत जातो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीकडे जाणारा रस्ता बाईकवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे तो याचमुळे. वेग ताशी वीस, पण डोकं पूर्ण वेळ कामात. पुढचा दगड कुठून घ्यायचा, उभं राहायचं की बसायचं, क्लच किती सोडायचा.

उभं राहणं दिखाव्यासाठी नसतं, बरं का. फूटपेगवर उभे राहिलात की तुमचं वजन सीटवरून पायांवर येतं. गुडघे स्प्रिंगसारखे काम करतात आणि खाली गाडी मोकळेपणाने हलू शकते. हँडल घट्ट आवळू नका, पुढचं चाक आपली वाट बरीचशी स्वतःच शोधतं.

नुसता डोंगरच हवा असं नाही. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटींमध्ये गाडी चढवत खाली गेलात तर मधले अरुंद, तुटके रस्ते या गाडीला अगदी मापात बसतात.

फक्त दोन ठिकाणी ही "बघू तरी" वृत्ती आवरायची. एक, सह्याद्रीतले सडे. कासच्या पठारासारख्या जागी खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्यातच ती दुर्मिळ फुलं उगवतात. एका चाकोरीने तो थर उखडला की लवकर भरून येत नाही. दोन, पावसात पाण्याखाली गेलेला फरशी पूल. वाहतं पाणी चाकाला बाजूने ढकलतं आणि खालची फरशी शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. तिथे २२० मिमी क्लिअरन्सचा काही उपयोग नाही. थांबा. आणि साध्या ओढ्यात गाडी बंद पडून इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर परत स्टार्टर दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

फोनची काळजी

हा मुद्दा आपल्या वाचकांसाठी खास. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात ओआयएस असतं, त्यात लेन्स किंवा सेन्सर बारीक चुंबकांच्या मदतीने हलत असतो. मोठ्या मोटारसायकल इंजिनांच्या जोरदार कंपनांनी ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल दिला होता. सिंगल सिलिंडर गाडीचं हँडल कंप पावतंच, वरून खडबडीत रस्ता. त्यामुळे फोन हँडलला लावायचाच असेल तर कंपन शोषणारा माऊंट घ्या. नाहीतर फोन खिशात ठेवा. एक्सपल्सच्या डिस्प्लेवर ब्लूटूथने वळणांचे बाण दिसतात, तेवढे पुरतात. जुना फोन घरी पडून असेल तर नकाशाचं काम त्याला द्या.

नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालू राहतं, कारण ते थेट उपग्रहांकडून येतं. गायब होतो तो नकाशा. म्हणून निघण्याआधी गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. पायवाटा आणि बारीक कच्चे रस्ते हवे असतील तर ओस्मअँडसारखं ॲप बघा. तरीही शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा. "दादा, पुढे गाडी जाते का?" या प्रश्नाला कोणत्याही ॲपपेक्षा ताजं उत्तर मिळतं.

तोटे आहेत, आणि ते लपवू नयेत

हायवेवर ८०-९० च्या पुढे मजा संपते. रोज लांबचा हायवे असेल तर ही गाडी घेऊ नका, सरळ सांगतो. सीट अरुंद, मागे बसणारा तासाभरात कुरकुर करणार. टायर ट्यूबचे, म्हणजे पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं. शिवाय २१ इंची ट्यूब छोट्या गावातल्या पंक्चरवाल्याकडे बहुधा नसते. एक ट्यूब आणि दोन टायर लिव्हर सोबत ठेवा.

सीटची उंची ८२५ मिमी. उंची कमी असेल तर आधी धास्ती वाटते. दोन्ही पाय टेकायची गरज नसते, थोडं एका बाजूला सरकून एक पाय नीट टेकला तरी चालतं. पण ही सवय शोरूमच्या दोन मिनिटांच्या राइडमध्ये लागत नाही.

घ्यायची असेल तर

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. म्हणजे छोटी आणि मोठी गाडी यांच्या किमतीतलं अंतर आणखी वाढलं. ईएमआयवर ४५० सीसीचं स्वप्न बघणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड आणि घोट्याच्या वर येणारे बूट येतात. कच्च्या रस्त्यावर सगळ्यात आधी मार लागतो तो घोट्याला.

सेकंड हँड बघत असाल तर चकाकीला भुलू नका. खाली वाकून इंजिनाखालची बॅश प्लेट बघा. ओरखडे चालतील, खोल पोचे असतील तर मालकाला विचारा. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, ते बोट फिरवून बघा. चाक उचलून फिरवा, डगमगत असेल तर रिम वाकलेली आहे. पान्ह्याने एकेक स्पोक हलकेच वाजवत जा. ताणलेला स्पोक टणक वाजतो, ढिला भदभदा वाजतो. शेवटी पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकला. हँडलपाशी खटखट लागली तर स्टिअरिंगचे बेअरिंग ढिले तरी आहेत किंवा संपले तरी आहेत, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायला लाजू नका.