तिसऱ्या चाकाची ओढ

जगातली पहिली मोटार म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती कार्ल बेंझची १८८६ च्या पेटंटची गाडी तीनचाकी होती. पुढची दोन चाके एकाच वेळी नीट वळवण्याची युक्ती तेव्हा त्याला मनासारखी साधली नव्हती, म्हणून पुढे एकच चाक आले. म्हणजे तीनचाकी ही मोटारीची धाकटी नव्हे, थोरली बहीण. तरी वाहनांचा इतिहास लिहिताना आपण दुचाकी आणि चारचाकी असे दोनच खण करतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाबतीत ही वाटणी मला विशेष खटकते.

नगर म्हटले की लोकांना आठवते ती लूना. १९७२ साली आलेली, पायडल असलेली, पन्नास सीसीची ही मोपेड नगरच्या कायनेटिक कारखान्यातली. पण त्याच फिरोदिया घराण्याचे नाव तीनचाकीशी त्याआधीपासून जोडलेले आहे. नगरचे कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल स्वातंत्र्यचळवळीतून उद्योगात आले. इटलीच्या पिआज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरवरून १९४८ मध्ये ‘आपे’ हे मालवाहू तीनचाकी बेतले होते. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी. एक नुसती भिरभिरणारी, दुसरी ओझे वाहणारी. नाव ठेवणाऱ्याला मर्म कळले होते! असल्या मालगाडीत माणसे बसवली तर माणसाने माणसाला ओढणे थांबेल, हा विचार आपल्याकडे धरून ठेवणाऱ्यांत नवलमल प्रमुख होते. भारतातल्या ऑटोरिक्षाचे श्रेय त्यांना दिले जाते ते यामुळे.

पुढे १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि जर्मन सहकार्याने ‘हान्सिआट’ ही तीनचाकी येथे बनू लागली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन कंपनीचे नाव. आज बाजार समितीत कांदा घेऊन येणारा शेतकरी चार चाकांच्या गाडीलाही टेम्पोच म्हणतो. गाडी रस्त्यावरून गेली, नाव भाषेत राहिले.

मग मोटरसायकल आणि मोटार सोडून माणसाला या गाडीची ओढ का वाटावी? उत्तर स्वयंपाकघरात आहे. चुलीला दगड तीनच मांडतात, कारण जमीन उंचसखल असली तरी तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. दुचाकी थांबली की पाय टेकावा लागतो आणि ओझे वाढले की तोल चालवणाऱ्याच्या मनगटात येतो. तीनचाकीत तोल सांभाळायचे काम गाडीच करते. हातात स्कूटरसारखा हँडल, अंगावर वारा, मागे दुचाकीला न पेलणारी माणसे नि पोती, आणि किंमत मोटारीहून कितीतरी कमी.

घोडेगाव फाट्यावर उभे राहून हे पाहावे. संभाजीनगर रस्त्यावरून येणारी एसटी येथे उतरवते आणि शनिशिंगणापूरला जाणारे भाविक शेअर रिक्षात बसतात. एका माणसासाठी मोटार करणे परवडत नाही, अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवर म्हातारी आजी बसत नाही. या दोहोंच्या मधली जागा त्या रिक्षाची आहे. ग्रामीण भागात तिला सर्रास ‘ॲपे’ म्हणतात. पिआज्जोचा कारखाना शेजारच्या बारामतीत १९९९ पासून सुरू झाला, आणि इटालियन मधमाशी नगर जिल्ह्याच्या बोलीत अशी रुळली की तिचे मूळ कोणी विचारत नाही.

या गाडीचे दोषही सांगायला हवेत. मोटरसायकल वळणावर आत झुकते. तीनचाकी झुकत नाही, तिच्यातले वजन बाहेर फेकले जाते. पुढच्या एका चाकापासून मागच्या चाकापर्यंत तिरकी रेघ ओढा, त्या रेघेबाहेर वजन गेले की गाडी कलंडते. वळताना जोरात ब्रेक दाबला तर वजन पुढे सरकते, आणि पुढे रेघा अरुंद असतात. क्षमतेहून जास्त माणसे कोंबलेली रिक्षा उलटते, त्यामागे ही साधी भूमिती असते. चुलीवर भांडे एका बाजूला जड झाले की काय होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते.

पाश्चात्त्य देशांत ही ओढ निराळी. ब्रिटनमध्ये रिलायंटच्या तीनचाक्या मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येत, म्हणून कामगारांनी त्या घेतल्या. अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने २००९ च्या मॉडेलपासून ‘ट्राय ग्लाइड’ आणली. तिच्या चाहत्यांत गुडघे थकलेले, जड मोटरसायकल पेलवेनाशी झालेले, पण वारा सोडवत नाही असे जुने स्वार पुष्कळ. ते हौशी आहेत, हे मान्य. पण हौसेच्या मुळाशी असमर्थ होत चाललेले पायच आहेत.

आपल्याकडे हीच गोष्ट दिव्यांगांच्या स्कूटरमध्ये दिसते आणि तिथे ती हौस राहत नाही. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाला किक मारायची गरज नव्हती आणि गिअर बदलायचे नव्हते. पायात बळ नसलेल्या माणसासाठी एवढ्याने अर्धा रस्ता मोकळा झाला. उरलेला अर्धा बाजूला लावलेल्या जोडचाकांनी केला. चाके मोजली तर चार भरतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकल म्हणजे दुचाकी, फार तर काढता येणाऱ्या साइडकारसह. ही गाडी त्यात बसत नाही. तिच्यासाठी कायद्याने वेगळा वर्ग ठेवला आणि त्याला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे नाव दिले. माणसाला घराबाहेर काढणाऱ्या गाडीवर ते नाव कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत चिकटलेले होते.

अशा गाडीवरून कचेरीत, दुकानात जाणारी माणसे मी नगरच्या रस्त्यांवर पाहतो. ती गर्दीत गाडी लावताना आधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवतात. साध्या स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो, आणि पाय टेकून गाडी मागे ढकलणे त्यांना शक्य नसते. समोर कोणी मोटार आडवी लावून गेला, तर तो परत येईपर्यंत ती माणसे हँडल धरून तिथेच बसून राहतात.