दोन लिप्या आणि एक कळफलक

गेल्या रमजानच्या आधी एका तरुण अभ्यासक मित्राचा फोन आला. १९९८ साली मी मुस्लिम मराठी लेखनावर एक मोठा लेख लिहिला होता, तो त्याला हवा होता. छापील अंक कुठेच मिळत नाही म्हणाला. मी सहज बोलून गेलो, "फाइल आहे माझ्याकडे, संध्याकाळी पाठवतो."

फाइल खरंच होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असं करत मी ती जपली होती. उघडली, आणि पडद्यावर बावीस पानं भरून रोमन अक्षरं दिसली. कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणावर टोपी, मधेच पौंडाचं चिन्ह. मराठीचं एक अक्षर नाही. ज्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये मी ते लिहिलं होतं, ते माझ्याकडे उरलेलं नव्हतं आणि नव्या संगणकावर चालणारही नव्हतं. स्वतःचाच लेख मला वाचता येईना.

संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, कोणता फॉन्ट देखणा, कोणता कळफलक सोपा, यावर आपण चहा पिताना वाद घालतो. जो तो आपल्या आवडीचा, असं म्हणून तो वाद संपतोही. पण दोन लिप्यांत जगणाऱ्या आपल्यासारख्या समाजात या आवडीनिवडींनी काय टिकवलं आणि काय बुडवलं, याचा हिशेब त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मांडला.

आधी मराठीचं पाहू. ऐंशीच्या दशकात छोटे संगणक आले ते इंग्रजीसाठी घडवलेले होते. त्यांत अक्षरांसाठी फार तर २५६ घरं होती आणि त्यातली पहिली १२८ इंग्रजीने आधीच अडवलेली. देवनागरीला मात्र स्वर, व्यंजनं, काना-मात्रा आणि वर जोडाक्षरांची ही मोठी फौज. कानपूरच्या आयआयटीत यावर काम सुरू झालं, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम 'जिस्ट' या नावाने तिकडे गेलं. त्याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाणही ठरलं. १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. त्यात अक्षर साठवायचं ते अक्षर म्हणून. क म्हणजे क, मग तो कोणत्याही फॉन्टमध्ये दिसो.

छपाईच्या दुकानांतला व्यवहार वेगळा होता. तिथे इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचा आकार बसवून मोकळं व्हायचं, अशी युक्ती चालली. संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी साठवतोय, डोळ्याला दिसायची मराठी. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, जो तो आपापल्या घरांत आपापले आकार ठेवणारा. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचा कचरा होई. कागदावर छापायचं एवढंच काम असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. छापून झालं की फाइलकडे कोण बघतो?

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मी तेव्हा संध्याकाळी बसायचो. तिथल्या लोकांची मतं ठाम असत. हा फॉन्ट लग्नपत्रिकेला शोभतो, तो निवडणुकीच्या पत्रकाला. टाइपरायटर शिकलेला माणूस रेमिंग्टनचाच कळफलक मागायचा. सरकारने प्रमाण केलेला इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांना सारखा होता, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. पण बोटांना एकदा लागलेली सवय कोण मोडणार? आणि खरं सांगायचं तर निवड या कशावरच होत नसे. शेजारच्या प्रेसकडे जे सॉफ्टवेअर आहे तेच आपण घ्यायचं, म्हणजे फाइल नेली की उघडेल, हा एकच निकष होता. मीही तेच केलं.

त्याच गल्लीत माझे मामू बसायचे. ते कातिब होते. उर्दू लग्नपत्रिका, उर्सच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, मदरशाच्या पावत्या, सगळं बोरूने लिहायचे. उर्दूची गोष्ट मराठीपेक्षाही बिकट होती. उर्दू लिहिली जाते नस्तालिकमध्ये. या शैलीत शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. प्रत्येक अक्षर शेजारी कोण बसलंय ते बघून आपलं अंग चोरतं किंवा पसरतं. आकार सरळ रेषेत एकापुढे एक मांडणाऱ्या यंत्राला हे जमेना. म्हणून शिळाछापाचे दिवस गेले, ऑफसेट आलं, तरी उर्दू वर्तमानपत्रं कातिबांच्या हातानेच लिहिली जात होती. शिळाछापाच्या काळात तर दगडावरच्या चुका उलट्या अक्षरांत दुरुस्त करणारा 'संगसाज' नावाचा वेगळा कारागीर असे. मामू त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, एवढा त्या लोकांचा आदर.

कोडं सुटलं ते एका कातिबाच्याच मदतीने. पाकिस्तानचे मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडआकार हाताने रेखले आणि ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीने ते यंत्रात बसवले. अक्षरं जोडायची कशी ते यंत्राला शिकवण्याऐवजी जोडलेले तुकडेच तयार करून ठेवले, असा हा उपाय. त्याचं नाव नूरी नस्तालिक. १९८१ मध्ये 'जंग' हे दैनिक या अक्षरांत निघू लागलं. पण ही महागडी फोटोटाइपसेटिंग यंत्रं मोठ्या वर्तमानपत्रांनाच परवडणारी होती. गल्लीतल्या दुकानापर्यंत नस्तालिक आली १९९४ मध्ये, 'इनपेज'मधून. विंडोजवर चालणारं हे सॉफ्टवेअर भारतात तयार झालं होतं, आणि बघता बघता सीमेच्या दोन्ही बाजूंच्या उर्दू छपाईने ते उचललं. त्याच्या नकली सीडीही तितक्याच वेगाने पसरल्या, हेही खरं.

आमच्या दुकानात ते बसवलं त्या दिवशी मी मामूंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हाथ तो अच्छा है. किस का है?" यंत्र त्यांना दिसलंच नाही, त्यांना हात दिसला. मी जमीलसाहेबांबद्दल सांगितलं. मामूंनी मान हलवली. "फिर हमारा काम हो गया समजो," एवढंच बोलले. पुढच्या दोन-तीन वर्षांत पत्रिकांचं काम त्यांच्याकडून आमच्याकडे आलं. ते काम घेणारा मी होतो, हे इथे लिहून ठेवतो. मामूंनी कधी तोंडाने काही म्हटलं नाही, पण अम्मीने म्हटलं होतं.

तरी उर्दू माणसाला इनपेज आवडलं यात नवल नव्हतं. आपल्या डोळ्यांना उर्दू म्हणजे नस्तालिक. गंमत बघा, रोज सकाळी आपण कुरआन वाचतो तो नस्ख शैलीत. त्यातलं प्रत्येक अक्षर ओळखीचं असतं. पण उर्दूचं पान नस्खमध्ये दिसलं की हे उर्दू वाटत नाही, असं म्हणून तोंड फिरवतो. सुरुवातीच्या वेबवर नस्ख दाखवणं सोपं होतं आणि नस्तालिक अवघड. बीबीसीच्या उर्दू संकेतस्थळाने बरीच वर्षं नस्ख चालवली. पण कितीतरी उर्दू संकेतस्थळांनी दुसरा रस्ता धरला. इनपेजमध्ये पान तयार करायचं आणि त्याचं चित्र करून टाकायचं. पान देखणं दिसे, पण चित्रातला शब्द शोधता येत नाही, उचलता येत नाही, दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. एखादी गझल इंटरनेटवर असूनही तिच्या पहिल्या मिसऱ्याने ती सापडत नसे.

मराठीतही थेट हेच घडत होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी होती, अरबी लिपीही होती. घरगुती संगणकापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, सोबत 'मंगल' हा फॉन्ट. तो रेखला होता र. कृ. जोशी यांनी, सुलेखनातलं आपल्याकडचं मोठं नाव. पण दुकानात आमची प्रतिक्रिया काय? "ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. मराठी वाटत नाही." नस्ख बघून उर्दूवाले जे म्हणत होते, तेच.

तक्रारी सगळ्याच खोट्या होत्या असं नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला मराठीचा हक्काचा र सुरुवातीला धड उमटत नसे. लोक 'दुसर्या' लिहायचे आणि तसंच छापलं जायचं. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं ते २००८ मध्ये. उर्दूचं दुखणं वेगळं. अरबीचा 'ये' आणि उर्दूचा 'ये', अरबीचा 'काफ' आणि उर्दूचा 'काफ' शब्दात बसले की जवळपास सारखे दिसतात, पण त्यांची घरं वेगळी. अरबी कळफलकाने लिहिलेला उर्दू शब्द शोधायला जावं तर डोळ्यासमोर असून सापडत नाही. या अडचणी खऱ्या होत्या, आणि वापरणाऱ्यांनी कटकट केली म्हणूनच त्यातल्या बऱ्याच सुटल्या. विंडोज ८ मध्ये नस्तालिक फॉन्ट सोबतच मिळू लागला, २०१४ मध्ये गूगलने 'नोटो नस्तालिक उर्दू' फुकट दिला, पुढे फोनमध्येही ती आली. इनपेजच्या नंतरच्या आवृत्त्यांनीही युनिकोड घेतला.

पण मधली पंधरा-वीस वर्षं आपण डोळ्याने निवड केली. दिसतं कसं, एवढंच पाहिलं. साठवलं काय जातंय, हा प्रश्न माझ्यासकट कुणी विचारला नाही.

आता ती वर्षं कोणती होती ते आठवा. १९९० मध्ये आमच्या सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपण मराठीत लिहितो, ही भाषा आमचीही आहे, हे ठासून सांगणारी पिढी तेव्हा उभी राहत होती. त्यानंतर ९२-९३ चा काळ आला. त्या दिवसांत आपल्या लोकांनी काय लिहिलं, कशाने घाबरले, कशावर हसले, एकमेकांशी कशावरून भांडले, हे सगळं छोट्या अंकांत, स्मरणिकांत, पत्रकांत आहे. अंक थोडे छापले, त्यातले बरेच रद्दीत गेले. फाइली उरल्या असतील तर त्या माझ्या फाइलीसारख्या मुक्या. आज एखादी मुलगी फोनवर मराठी मुसलमानांबद्दल शोधते तेव्हा तिला सापडतं ते बहुतेक नंतरचं आणि पुष्कळदा इतरांनी आपल्याबद्दल लिहिलेलं. आपण तेव्हा गप्प होतो असं तिला वाटलं तर तिचा दोष नाही.

आणि नव्या पिढीला नावं ठेवण्याआधी एक सांगतो. माझी भाची मराठी आणि उर्दू दोन्ही रोमन अक्षरांत टाइप करते. मी तिला टोकलं तर म्हणाली, "मामू, तुम्ही पण तर तेच केलं होतं. आत इंग्रजी, वरून मराठी." मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून आता कुणी मला विचारलं की कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, तर मी ब्रँड सांगत नाही. दोन गोष्टी करून बघा म्हणतो. त्यात एक ओळ लिहा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर पाठवा. तिथे ती अक्षरांसकट उघडली पाहिजे. मग त्या ओळीतला एक शब्द शोधा. तो सापडला पाहिजे. दोन्ही जमलं तर खुशाल आवडीचा फॉन्ट निवडा, कळफलक कोणताही चालेल. आणि मशिदीच्या, संस्थेच्या, संमेलनाच्या जुन्या फाइली कुणाच्या कपाटात असतील तर ज्या संगणकावर त्या अजून उघडतात, तो भंगारात देण्याआधी त्यांचं युनिकोड करून घ्या. निदान छापून तरी ठेवा.

माझा लेख अखेर सुटला. एका ओळखीच्याने फॉन्ट बदलणारी प्रणाली चालवून दिली. पण पहिली वेलांटी जागेवर बसेना. 'फातिमा'चं सगळीकडे 'फाितमा' झालं होतं. बावीस पानं मी आणि भाचीने मिळून आठ दिवस दुरुस्त केली. त्या निमित्ताने ती माझा लेख पहिल्यांदा वाचत होती. दोन ठिकाणी तिला पटला नाही.

ते झाल्यावर तिने मामूंची वही काढली. पत्रिकांसाठी त्यांनी जमवलेल्या दुआ आणि शेर तिच्यात आहेत, त्यांच्याच हातचे. ती आता ते उर्दूत टाइप करतेय, नस्तालिकमध्ये, शोधता येतील असे. मामूंची नजर अधू झालीय. परवा तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि दोन बोटांनी अक्षर मोठं करून दाखवलं. मामूंनी ते आणखी मोठं केलं, आणखी मोठं केलं, एक 'ये' पडदाभर झाला तेव्हा थांबले.

"इस का पेट बराबर नै है," म्हणाले. "बोल उन को, दुरुस्त करते क्या पूछ."